शून्य वर्षांचा हात

“हे अक्षर तुमचं नाही,” साहेब म्हणाले, आणि माझाच कागद त्यांनी टेबलावरून माझ्याकडे असा सरकवला, जणू रस्त्यात सापडलेलं कुणाचं तरी पाकीट मी आपलं म्हणून मागायला आले होते. दोन मिनिटांपूर्वी, त्यांच्या डोळ्यांदेखत, डाव्या हाताने मी त्या कागदावर माझं नाव, हुद्दा आणि पुन्हा रुजू झाल्याची तारीख लिहिली होती. शेजारी त्यांनी लोखंडी कपाटातून काढलेला माझा नमुन्याचा कागद ठेवला होता, सव्वीस वर्षांपूर्वीचा, घडीवर विरलेला. त्यावरचं उजव्या हाताचं अक्षर वहीत दाबून ठेवलेल्या पानासारखं होतं, शिरा न् शिरा दिसणारं. “तुम्हीच बघा. हे कुठं आणि ते कुठं!” मी म्हटलं, “साहेब, तुमच्यासमोरच लिहिलं ना मी.” “मी पाहिलं हो. पण उद्या वही उघडणाऱ्याला काय दिसणार? मी दिसणार का? अक्षरच दिसणार.” पलीकडच्या टेबलावर दाखल्यांवर शिक्के मारणारे आमचे शिक्केमामा हसले आणि मग मी पाहतेय म्हटल्यावर त्यांनी ते हसू खोकल्यात घातलं.

मी हळू बोलते. पहिल्यापासूनच. त्यामुळे सगळ्यांचा असा समज झालाय की मला राग येत नाही. पहाटे उठून आंघोळ, दिवा, मग प्रार्थनेचं एक पान स्वतःच्या हाताने लिहायचं आणि ते पुरं होईपर्यंत कुणाशी शब्द बोलायचा नाही, असा माझा नेम. आणि ज्या बाईचा असा नेम आहे तिच्या पोटात राग कुठून असणार, असं लोक धरून चालतात. धक्का लागला तरी तिची माफी मागायची गरज नाही, तिने आधीच माफ केलेलं असतं. त्या दिवशी मी साहेबांच्या टेबलासमोर उभी होते, उजवा हात पदराखाली लटकत होता आणि कानांच्या पाळ्या तापून चटका बसावा इतक्या गरम झाल्या होत्या. मी म्हणाले एवढंच, “बरं.” बाहेर आले आणि बाकावर बसून स्वतःच्या त्या ‘बरं’ला मनातल्या मनात शिव्या घातल्या. देवाला सांगूनच घातल्या.

आमचं कार्यालय जन्ममृत्यूच्या नोंदींचं. वर्षाला एक जाड नोंदवही, आणि तिच्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एकच अक्षर. मधेच दुसरा हात आला की सगळ्या ओळी संशयाच्या. कुणी काय कधी घुसवलं, कोण सांगणार? म्हणून लिहिणाऱ्याच्या अक्षराचा नमुना कपाटात कुलूपबंद असतो. नियम चांगला आहे. नव्याने येणाऱ्यांना तो मीच समजावून सांगत आले. या शहरातल्या निम्म्या पोरांची नावं त्यांच्या मास्तरांच्या आधी मी लिहिली आहेत. खिडकीपलीकडे बाप उभा असतो, कधी आजी, एकदा तर बाळंतीण स्वतःच आली होती, चालायचं कसं ते विसरल्यासारखी; नाव सांगतात, आणि पेन टेकवण्याआधी मी क्षणभर डोळे मिटून देवाचं नाव घेते. ते कुणाला कळत नाही. चष्मा सारखा करतेय असं वाटतं. ती खुर्ची मला परत हवी होती. बढती नको, सत्कार नको, ती खुर्ची, ती वही आणि ती खिडकी.

साहेबांना मला पाठवायचं होतं टपालाच्या टेबलावर. आलेली पाकिटं फोडायची, बारनिशीत, म्हणजे आवकजावकच्या वहीत, आकडे टाकायचे. “आराम आहे हो बाई तिथं. या वयात धावपळ कशाला?” या वयात! खुर्चीवर बसून लिहिण्यात कसली आली धावपळ? धावपळ झाली ती पाच महिन्यांपूर्वी, आणि तीही मी केलेली नव्हती. मागच्या जिन्यावरच्या पाण्याच्या टाकीला चीर गेली होती. आठवडेच्या आठवडे पाणी पायऱ्यांवर झिरपत होतं, हिरवट बुळबुळीत थर धरला होता. मी दोन वेळा लेखी कळवलं. पहिल्या अर्जावर साहेब म्हणाले, “बघतो.” दुसऱ्यावर म्हणाले, “बघतो म्हटलं ना.” मग एका सकाळी तीन जुन्या वह्या छातीशी धरून मी खाली येत होते आणि पाऊल माझं राहिलं नाही. वह्या मी वर धरल्या, सवयीने, जशी आई पडताना लेकरू वर धरते. आणि सगळं अंग त्या एका मनगटावर आलं. आवाज झाला तो सुकलेली काटकी मोडल्यासारखा, बारीक. दवाखान्यात साहेब भेटायला आले तेव्हा खुर्ची ओढून बसत पहिलं वाक्य काय बोलले? “वह्या वाचल्या हो, बाई! एका पानाला डाग नाही.” मी गुंगीत होते, मी हसले म्हणे. त्या हसण्याचाही मला आता राग येतो.

आणि मग भेटायला येणाऱ्यांची रांग. प्रत्येकीच्या तोंडी तेच, की देव चांगल्या माणसांचीच परीक्षा बघतो. माझ्या उशाशी बसून, माझ्याच देवाचं नाव घेऊन! ज्याला मी रोज पहाटे भेटते त्याच्याबद्दल मला दुपारी दोन ते चार या वेळेत येऊन सांगायचं. टाकीला चीर देवाने पाडली नव्हती. माझे दोन अर्ज देवाने फायलीत दाबून ठेवले नव्हते. माणसाने करायचं ते केलं नाही, आणि त्याचा ठपका सोयीने वर पाठवून दिला, कारण वरून उत्तर येत नाही. डॉक्टर निदान सरळ बोलले. हाड जुळेल, शीर जुळणार नाही. ताट धरता येईल, पेन नाही. आज माझा उजवा हात वाळूने भरलेल्या हातमोज्यासारखा आहे. गरम-गार कळतं. आपला आहे एवढं कळतं.

नेम मोडायचा नव्हता म्हणून डाव्याने सुरुवात केली. पहिल्या पहाटे दिवा लावला, वही उघडली, पेन डाव्या हातात दिलं, आणि त्या हाताने माझ्याकडे पाहिलं असं मला वाटलं; घरात वर्षानुवर्षं पाणी भरणाऱ्या, भांडी उचलणाऱ्या बाईला एकदम पंगतीत बसवल्यासारखं. उजवा हात अक्षर ओढतो, डाव्याला ते ढकलावं लागतं. पेनाचं टोक कागदात रुततं. शिरोरेघ उतारावर निघते. लिहिलेल्या ओळीवरून तळवा घासत पुढे जातो, आणि पान संपेतो सगळी प्रार्थना करंगळीखाली निळी होऊन चिकटते. लिहितात बोटं असं आपण समजतो. मी खांद्याने लिहीत होते, मानेने, दाढांनी, दाताखाली धरलेल्या जिभेने. जे पान वीस मिनिटांत होई त्याला पहिल्या दिवशी साडेचार तास लागले, आणि पान पुरं होईतो बोलायचं नाही म्हणून मी तोपर्यंत मुकी. दारात कुणी आलं की मी वहीकडे बोट दाखवी. अक्षर तर असं, की पहिलीतल्या मुलालाही मी पाठीवर हात फिरवून परत लिहायला लावलं असतं. देवाने ते वाचलं असेल का? की त्यानेही नमुना काढून शेजारी धरला असेल?

माझ्या सोबतीला धाकटी बहीण येऊन राहिली होती. शिवणकाम करते ती, कटाईत तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि हात डावा. तिची कात्री निराळी, ती कुणाला देत नाही. सकाळी दहाला माझं मौन सुटलं की ती चहा पुढे करत म्हणायची, “झालं का ताई? सोशिक आहे हं तुझा देव. माझ्या गिऱ्हाइकांनी एवढी वाट पाहिली नसती.” मी लिहीत असताना ती शेजारून जा-ये करी आणि पाहत नसे. मुद्दाम पाहत नसे. तिसऱ्या का चौथ्या दिवशी मी विचारलं, “अगं, तू डावरी ना, जरा सांग की कसं धरायचं.” ती काजं करत होती. दोरा दाताने तोडून म्हणाली, “मला कुठं येतं डाव्याने लिहायला? तू येऊ दिलंस?”

आमच्या लहानपणी, टेबलाच्या कडेला लावलेली दोन डोकी, एक नऊ वर्षांचं, एक सहा. आईच्या हाताला वेळ नव्हता म्हणून तिने ते काम मला दिलं होतं: धाकटीने डाव्या हातात पेन्सिल घेतली की पट्टी. पट्टी लाकडी, एका टोकाला पितळी पत्रा. आई म्हणे, पत्र्याची बाजू नको, पण लागलं पाहिजे. मी चोख काम केलं. मी शहाणी मुलगी होते, सांगितलेलं ऐकणारी. पट्टीने भागेना तेव्हा तिचा डावा हात तिच्याच रिबिनीने खुर्चीच्या पाठीला बांधण्याची कल्पना माझी. आईने शेजारणीला कौतुकाने सांगितली होती. ती रडायची नाही. उजव्या हाताने अक्षर काढायची आणि बांधलेल्या हाताची बोटं मागे तेच अक्षर हवेत काढत असायची, मी पाहिलं होतं, आणि पाहिल्यावर मी रिबीन आणखी आवळली होती. आठवीत तिने शाळा सोडली. अभ्यासात डोकं नाही, असं सगळे म्हणत. मीही म्हणे, मवाळपणे. चाळीस वर्षांनी खांद्यातून कळ निघत असताना मला ते टेबल आठवलं, आणि ज्या संतापाने मी टाकीबद्दल, फायलीबद्दल, साहेबांबद्दल देवापाशी भांडत होते तो संताप वळून माझ्याच नऊ वर्षांच्या वेण्यांना येऊन भिडला. मी तिला म्हटलं, “तुला माझा राग नाही आला कधी?” ती म्हणाली, “आला की. अजून आहे. ठेवलाय घडी घालून.” मग बराच वेळ काजं झाली. मग ती उठली आणि माझ्या वहीचा वरचा कोपरा धरून तिने ती उजवीकडे तिरकी केली, चांगलीच तिरकी. “कापड सरळ ठेवून तिरपं कापायला गेलं की असंच होतं. आधी कापड फिरवायचं. हात खाली राहू दे ओळीच्या. हं, ओढ आता.” अक्षर उमटलं आणि तळव्याला लागलं नाही. तिने एकदाही पेन हातात घेतलं नाही. जे तिला कुणी शिकवलं नव्हतं ते तिने मला कात्रीवरून शिकवलं, आणि मी तिची माफी मागितली तेव्हा म्हणाली, “पुरे, पान संपव. दूध उतू जाईल.”

पाच महिने. साडेचार तासांचे तीन झाले, दोन झाले, शेवटी पस्तीस मिनिटं. माझं आधीचं अक्षर परत आलं नाही. हे दुसरंच, उभं, थोडं अंग चोरून बसलेलं, पण ओळ न सोडणारं. या अक्षराच्या भरवशावर मी रुजू व्हायला गेले होते, आणि ते माझं नाही म्हणून मला बाकावर बसवलं होतं.

बाकावरून उठले आणि परत आत गेले. म्हटलं, “साहेब, नवा माणूस आला की त्याचा नवा नमुना घेतो ना आपण?” “घेतो. पण तुम्ही नव्या नाही.” “हात नवा आहे.” शिक्केमामांचा शिक्का वरच्या वर थांबला. साहेबांनी चष्मा काढला, पुसला. मग त्यांना त्यात गंमत वाटू लागली असावी. “म्हणजे उजव्या हाताची सेवा सव्वीस वर्षं आणि डाव्याची शून्य, असंच ना? मग नव्या माणसाची परीक्षा असते. वीस नोंदी, एक तास, एकही खाडाखोड नाही. द्याल?” “देईन.” “शुक्रवारी या.” धाकटीला घरी सांगितलं तर ती म्हणाली, “सव्वीस वर्षं भरलीस त्यांची वही, आणि परीक्षा तुझी? मी असते तर कात्री घेऊन गेले असते.” ती असती तर खरंच गेली असती. मी तीन पहाटे नेमाच्या पानानंतर आणखी दोन पानं लिहिली.

शुक्रवारी मला खिडकीजवळच बसवलं. नोंदी मामा सांगत होते. पहिली इतकी हळू सांगितली की मी म्हटलं, “मामा, नेहमीसारखं सांगा. खिडकीतले लोक असे थांबतात का?” ते ओशाळले आणि वेग धरला. मुलगा, मुलगी, मुलगी, जुळे. वजन, वेळ, बापाचं नाव, आईचं नाव, आईच्या नावाशी नेहमीसारखे अडखळणारे मामा. सातव्या नोंदीला खांदा पेटला, बाराव्याला बोटं बधिर झाली, अठराव्याला डोळ्यांत घाम गेला आणि तो पुसायला हात रिकामा नव्हता, म्हणून तसंच लिहिलं. विसावी पुरी झाली तेव्हा चार मिनिटं उरली होती. साहेबांनी भिंग लावून वीसच्या वीस नोंदी पाहिल्या. “वा! सांगितलं नाही तर कळणारसुद्धा नाही, डावा म्हणून.” मामांनी टेबलावर रिकामा शिक्का दोनदा आपटला, तशी टाळी ते निवृत्तीच्या समारंभातच वाजवतात. नोंदवही हाताच्या अंतरावर उघडी होती, या वर्षीची, माझ्या उजव्या हाताच्या शेवटच्या ओळीपाशी थांबलेली; पाच महिन्यांच्या नोंदी चिठ्ठ्यांवर साठल्या होत्या.

“आता एकच राहिलं,” साहेब म्हणाले. “हात का बदलला त्याचं कारण नमुन्याला जोडावं लागतं. मजकूर मी काढून ठेवलाय. तुम्ही फक्त तुमच्या नव्या अक्षरात उतरवा, खाली सही. झालं, सोमवारपासून तुमची खुर्ची तुम्हाला.” टाइप केलेल्या चार ओळी होत्या. वह्या घेऊन येताना, स्वतःच्या घाईमुळे व निष्काळजीपणामुळे, कोरड्या व सुस्थितीतील जिन्यावरून माझा तोल गेला. याबाबत कार्यालयाकडे माझी पूर्वी वा नंतर कोणतीही तक्रार नाही. मी दोनदा वाचलं. म्हटलं, “जिना कोरडा नव्हता.” “माहीत आहे हो मला.” “मी दोनदा कळवलं होतं.” “तेही माहीत आहे. अहो, वरून तपासणी आली तर एक कागद असावा, एवढंच. फक्त कागदोपत्री आहे हे, बाई.”

फक्त कागदोपत्री! मला वाटलं मला नीट ऐकू आलं नाही. या खिडकीत सव्वीस वर्षांत किती बापांनी हेच म्हटलं होतं, मुलाची तारीख जरा अलीकडे घ्या, फक्त कागदोपत्री; आणि मी प्रत्येकाला हात जोडून नाही म्हटलं होतं, कारण कागदावर असतं तेवढंच शेवटी माणसाचं उरतं, बाकीचं सांगणारे मरून जातात. आणि हे मला यांनीच, साहेबांनीच, शिकवलं होतं. यांनीच! पाच महिने मी एका आडमुठ्या हाताला एकेक अक्षर शिकवलं ते कशासाठी? त्याने नोकरीतलं पहिलं वाक्य हे लिहावं म्हणून? मी मनात देवाकडे वळले. त्याने काही सांगितलं नाही. पण तो तिथे होता, शेजारी, पहाटे असतो तसा, आणि गप्प होता, पान पुरं होईपर्यंत मी गप्प असते तसा. मोहही तेवढाच खरा होता. खिडकीबाहेर एक बाई तान्हं मूल खांद्यावर घेऊन उभी होती, तिला मीच हवी होते, असं मला उगाचच वाटलं. चार ओळी. दहा मिनिटांचं काम.

मी म्हटलं, “कोरा कागद द्या.” साहेब खूश झाले. “उतरवताय ना? घ्या, चांगला जाड घ्या.” मी पेन टेकवलं आणि कागद निसटला. घरी वही असते, जड, जागची हलत नाही. रुजू होतानाचा कागद फळीला चिमटवलेला होता, परीक्षाही वहीतच झाली होती; मोकळ्या सुट्या कागदावर मी या हाताने कधी लिहिलंच नव्हतं, आणि उजवा हात वर ठेवला तर तोच घसरून खाली आला. पुन्हा टेकवलं, पुन्हा सरकला. “साहेब, जरा धरता का?” साहेबांनी लगेच दोन्ही अंगठ्यांनी वरचे कोपरे दाबून धरले. मी कागद तिरका केला. त्यांनी तिरका धरला.

मी लिहू लागले. मागचा जिना ओला होता. माझं लिहिणं सावकाश, आणि साहेब समोर. अक्षर पुरं होताच त्यांना ते उलटं वाचता येत होतं. ‘ओला’ पुरा झाला तेव्हा त्यांचे अंगठे किंचित हलले. “बाई, मजकूर चुकतोय.” मी पुढची ओळ घेतली. टाकीला चीर गेल्याचे मी दोन वेळा लेखी कळवले होते, दोन्ही अर्ज कार्यालयात आहेत. “बाई, थांबा. याने खुर्ची जाईल तुमची. टपालाचं टेबलसुद्धा मी सांगू शकत नाही मग.” “जाईल,” मी म्हणाले. “विचार करा. कुणाला काय मिळणार आहे यातून?” शिक्केमामांचे शिक्के थांबले होते. खिडकीतली बाई मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेऊन आत बघत होती, आणि तिच्या मागे आणखी दोघं आली होती. एवढ्या लोकांदेखत साहेबांना कागद ओढता येईना आणि सोडताही येईना. “अजून अर्ज कुणाला दिले ते लिहायचंय,” मी म्हणाले. “दोन ओळी. तेवढं धरा.”

ते धरून राहिले. रागाने पेनाचं टोक कागदात रुतत होतं, शिरोरेघ पुन्हा उतारावर निघाली, त्यांचा हुद्दा लिहिताना एक काना दुसऱ्यावर चढला. अक्षर चांगलं आलं नाही. पण वाचता येत होतं. समोरून, उलट्या बाजूनेसुद्धा.